एका वेळी एकच पुस्तक वाचू नकोस

छोटे, तुझा मेसेज वाचला. एकच पुस्तक सांग, पण असं सांग की वेळ वाया जाणार नाही, असं लिहिलंयस. नवी नोकरी, पुण्यातली ती तिघींची खोली, पीएमपीच्या गर्दीत जाणारी सकाळ-संध्याकाळ, यातून वाचायला वेळ किती उरतो ते मला कळतं. तरीही एक पुस्तक मी सांगणार नाही. चार सांगते, आणि चारही एकदम उशाशी असू देत. एक आत्मचरित्र, एक कवितेचं, एक आकडेवारीचं आणि एक खुनाच्या तपासाचं. एक संपवायचं आणि मग दुसऱ्याला हात लावायचा, असं करू नकोस. आलटून पालटून वाच.

का, तेही सांगते. देवघेवीच्या टेबलामागे बसून बसून मला हे उमगलंय. आपल्या वाचनालयात माणसं कपाटं वाटून घेतात. कोणी फक्त आत्मचरित्रं नेतं, कोणी वर्षानुवर्षं रहस्यकथाच. कविता नेणारे मोजके. संख्याशास्त्राच्या कपाटाकडे स्पर्धा परीक्षेची मुलं सोडली तर कोणी फिरकत नाही. त्या पुस्तकांच्या मागे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी जवळजवळ कोरी असते. मला या वाटणीचं मनापासून वाईट वाटतं. प्रत्येक पुस्तक कुठेतरी गप्प बसतं गं. लिहिणाऱ्याला ते सांगवत नाही, नाहीतर त्या तऱ्हेच्या लिखाणात ते मावत नाही. आणि तेच पलीकडच्या कपाटात कोणीतरी बोलून ठेवलेलं असतं.

बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ घे. फलटणला त्यांचं छोटंसं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत, आणि गिऱ्हाईक नसलं की दुकानात बसल्या बसल्या लिहीत. लिहिलेलं घरात कोणाच्या हाती लागू नये म्हणून लपवून ठेवत. वीसेक वर्षं ते तसंच राहिलं. फलटणला राहून काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अभ्यासक बाईंशी ओळख झाली, त्यांनी धीर दिला, मग ते ‘स्त्री’ मासिकातून छापून आलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. वीरगावचा महारवाडा, तिथली भूक, पोरवयातल्या सुनांचे हाल, अंगात येणाऱ्या बायका, आणि मग बाबासाहेबांचं बोलणं ऐकून ताठ उभी राहिलेली तीच माणसं. हे त्या इतक्या जवळून दाखवतात की काही पानांवर तुला पुस्तक मिटावंसं वाटेल. मीट. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघड.

पण त्यात त्यांचा स्वतःचा संसार शोधायला गेलीस तर हाती फार थोडं लागेल. पुढे माया पंडित यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८ मध्ये आला. त्याच्यासोबत त्यांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखतही छापली आहे. तिथे त्या सांगतात की नवरा संशय घ्यायचा आणि मारायचा. हे पुस्तकात का आलं नाही, तर सगळ्याच बायका सोसत असताना आपलंच काय वेगळं सांगायचं, असा त्यांचा सूर आहे. समाजाचं दुःख त्यांना आधी मांडायचं होतं. ती मुलाखत वाचून मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं, आणि दुसऱ्यांच्या सुनांबद्दल लिहिलेल्या ओळी मला निराळ्याच ऐकू आल्या.

आता याच जागी आकड्यांचं पुस्तक उघड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणजे आपल्या मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होणारी देशभरची पाहणी. पहिली फेरी १९९२-९३ ची, पाचवी २०१९ ते २१ मधली. तिचे अहवाल संस्था सर्वांसाठी खुले ठेवते. पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांहून थोड्या जास्त जणींनी सांगितलं की नवऱ्याने कधी ना कधी अंगावर हात टाकलाय किंवा जबरदस्ती केलीये. नुसता आकडा वाचून पुढे जाऊ नकोस. तो कसा गोळा झाला ते बघ. हे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात. ती एकटी असेल तरच विचारतात. सासू दारात आली, नवरा पाणी मागायला डोकावला, तर विचारणारीने थांबायचं आणि निवांतपणा मिळालाच नाही तर तो भाग सोडून द्यायचा, असा नियम आहे. आणि ज्यांनी मार खाल्ल्याचं सांगितलं, त्यांतल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक जणींनी ते आधी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही. वही घेऊन आलेल्या एका परक्या बाईला सांगितलं.

हे वाचलं की आकडेवारी कोरडी असते हे तुझं म्हणणं तू सोडून देशील, याची मला खात्री आहे. तो २९ चा आकडा म्हणजे बंद दाराआडची बोलणी आहेत. ज्यांनी तिथेही तोंड उघडलं नाही त्या त्यात नाहीत, म्हणून खरा आकडा याहून मोठाच असणार. बेबीताईंचं ‘सगळ्याच बायका’ आणि हा टक्का शेजारी ठेव. काळ वेगळा, माणसं वेगळी, त्यामुळे एकाने दुसऱ्याला खोडायचं नाही. त्यांच्या शब्दांत एका बाईचा जीव आहे, टक्क्यात हजारो घरांची उंबरठ्यापर्यंत जाऊन केलेली चौकशी. दोन्ही हाताशी असल्याशिवाय मला हा विषय कळला असं म्हणवत नाही.

कवितेच्या बाबतीत बहिणाबाईंपासून सुरुवात कर. शाळेत पाठ केल्या म्हणजे झाल्या, असं समजू नकोस. शाळेत आपण त्या मार्कांसाठी वाचल्या. आता सकाळी चहा ठेवलास की एक कविता मोठ्याने वाच. मैत्रिणी हसल्या तर हसू देत, दोन दिवसांनी त्याच ऐकायला येऊन बसतील. मोठ्याने वाचल्याशिवाय ती खानदेशी बोली जिभेवर चढत नाही, आणि तिचा ताल डोळ्यांना दिसत नाही.

आता त्या कविता आपल्यापर्यंत आल्या कशा, ते ऐक. जळगावजवळच्या असोद्याची ही लेक. अक्षरओळख नाही. तिशीत वैधव्य आलं. शेतात राबताना, जात्यावर बसताना जे सुचेल ते गात होत्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्याने आणि त्याच्या मावसभावाने जमेल तेव्हा ते टिपून ठेवलं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही संकोचतच आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. अत्र्यांना सोनं सापडल्यासारखं झालं, आणि १९५२ मध्ये त्यांच्याच प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ बाहेर पडली.

आता सांग, मुलगा कवी नसता तर? टिपून ठेवणारा त्याचा मावसभाऊ नसता तर? मी कपाटातलं ते पुस्तक पुसायला घेते तेव्हा दर वेळी हाच प्रश्न मनात येतो. शेजारच्या वाड्यात, पलीकडच्या गावात, तितकीच समज असलेल्या किती बायका गाऊन गेल्या असतील?

याचं उत्तर शोधायची रीत मला कवितेच्या समीक्षेत मिळाली नाही, संख्याशास्त्रात मिळाली. अब्राहम वाल्ड नावाचा एक ज्यू गणितज्ञ होता. नाझींच्या भीतीने व्हिएन्ना सोडून अमेरिकेत आला. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञांचा एक गट सैन्यासाठी काम करत होता, त्यात हा होता. प्रश्न असा होता की लढाईवरून परतलेल्या विमानांना कुठे किती गोळ्या लागल्यात ते दिसतंय. त्यावरून विमानाची नाजूक जागा कुठली हे कसं ठरवायचं? सहज वाटतं, जिथे भोकं जास्त तिथे पत्रा जाड करावा. वाल्डने आपला सगळा हिशेब न परतलेल्या विमानांना धरून मांडला. परतलेल्या विमानांच्या ज्या भागावर भोकं कमी दिसतात तो भाग जास्त धोक्याचा, कारण तिथे गोळी बसलेली विमानं परत आलीच नाहीत. हा वाल्ड १९५० च्या डिसेंबरात आपल्याच देशात, निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून बायकोसह गेला. भारतात व्याख्यानं द्यायला आला होता. तेव्हा बहिणाबाई हयात होत्या.

वाचनालयाची कपाटं म्हणजे परतलेली विमानं आहेत, छोटे. जे छापलं गेलं, टिकलं, बाइंडिंग होऊन पुन्हा उभं राहिलं, तेवढंच आपल्याला दिसतं. त्यावरून बायका पूर्वी फारसं रचत नव्हत्या असं कोणी म्हणालं तर त्याला वाल्ड ऐकव. आणि हेमा राईरकर व गी पॉइटविन यांचं कामही सांग. त्या दोघांनी आणि त्यांच्या सोबतच्या गावोगावच्या बायकांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी आज गाणारीच्या नावागावासह वाचायला आणि ऐकायला मिळतात. जाती बंद पडत असताना त्यांनी हे केलं. थोडा उशीर झाला असता तर तेवढंही राहिलं नसतं.

रहस्यकथांना तू नाक मुरडतेस ते मला अजिबात आवडत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही नावं आजही काही वयस्क वर्गणीदार घरातल्या माणसांसारखी घेतात. आपल्याकडच्या त्यांच्या प्रती एकदा बघ. कोपरे गोल झालेत, पानांना तेलकट बोटांचे डाग आहेत, पाठ दोनदा-दोनदा बांधलीये. इतकी हाताळलेली पुस्तकं दुसऱ्या कुठल्या कपाटात नाहीत. गिरणीतून दमून आलेल्या माणसाच्या हाती पुस्तक देणं ही सोपी गोष्ट नव्हे, ती या माणसाने केली.

तुला मात्र मी ॲगाथा ख्रिस्ती देणार आहे, १९२६ ची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’. इंग्रजीतूनच वाच, तिचं इंग्रजी सोपं आहे. शेवट मी सांगणार नाही आणि तू कोणाला विचारूही नकोस. एवढंच सांगते की ती कादंबरी संपली की आत्मचरित्रं वाचायची तुझी नजर बदलेल. सांगणारा माणूस काय सांगतोय याच्या बरोबरीने तू तो कुठे भरभर पुढे जातोय तेही बघायला लागशील. रहस्यकथा आपल्याला एक फार चांगली सवय लावते. हा तपशील कशाला आलाय हे कळायच्या आधीच तो लक्षात ठेवायचा. मोरीतली ओली चप्पल, बंद पडलेलं घड्याळ. कवितेलाही वाचणाऱ्याकडून हेच हवं असतं.

आणि ही सवय घेऊन डॅरेल हफकडे जा. १९५४ मध्ये या अमेरिकन पत्रकाराने एक छोटंसं, चित्रांनी भरलेलं पुस्तक लिहिलं, ‘हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स’. आकड्यांच्या आडून खोटं कसं बोलतात ते त्यात दाखवलंय. लाखो प्रती खपल्या. तुझ्या कामाचंच उदाहरण देते. एखादी कंपनी म्हणते, आमच्याकडे सरासरी पगार ६० हजार. तिथे पाच माणसं आहेत. चौघांना २० हजार मिळतात आणि मालकाच्या मुलाला २ लाख २० हजार. बेरीज ३ लाख, भागिले पाच, आले ६० हजार. हिशेबात कुठेही चूक नाही, आणि तरी चौघांपैकी एकाच्याही हातात त्याच्या निम्मेसुद्धा पडत नाहीत. पगार चढत्या क्रमाने मांडून मधला बघितला, ज्याला आपण शाळेत मध्यक म्हणायचो, तर तो २० हजार. पुढच्या मुलाखतीत सरासरी सांगितली तर तू मध्यक विचार. विचारताना अवघडू नकोस.

पण हफची गोष्ट इथे संपत नाही. सिगारेटने कर्करोग होतो हे आकडेवारीने पुढे येत होतं, तेव्हा हाच माणूस सिगारेट कंपन्यांच्या बाजूने उभा राहिला. १९६५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन त्याने त्या पुराव्यावर शंका घेतली. धूम्रपानाच्या आकडेवारीला खोटं पाडणारं एक पुस्तकही त्याच उद्योगासाठी तो तयार करत होता, ते शेवटी छापलं गेलं नाही. मला हे कळलं तेव्हा फार राग आला होता. लोकांना शंका घ्यायला शिकवायचं आणि तीच शंका माणसं मरत असताना विकायची? तरी त्याचं पुस्तक मी तुला देतेच आहे. त्याची हत्यारं चोख आहेत, ती त्याच्यावरही चालव. खुनाच्या तपासात पहिला प्रश्न असतो की यात फायदा कोणाचा. आकडा कोणी दिला आणि त्याला पैसे कोण देतं, हे विचारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, आणि आकड्यावरच्या शंकेवरही ठेवू नकोस. सिगारेटवाल्यांनी जगाला दुसरं काय विकलं? शंकाच विकली.

तू विचारशील, असं चारही कपाटांत कोणी खरंच वावरतं का? वावरतं. दामोदर कोसंबी पुण्यातच राहायचे. गणिताचे प्राध्यापक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते तेव्हा रोज डेक्कन क्वीनने मुंबईला जात. या माणसाने तक्षशिलेची चांदीची आहत नाणी नाजूक तराजूवर एकेक करून तोलली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, हलकं होतं. मागल्या बाजूचे बारीक ठसे जसजसे वाढत जातात तसतसं सरासरी वजन घटत जातं, हे त्यांनी दाखवून दिलं आणि त्यावरून नाण्यांचा आधी-नंतरचा क्रम लावला. ज्या राजांनी लिहून काही ठेवलं नाही त्यांचा इतिहास वजनातल्या घटीवरून वाचला! आणि याच माणसाने भर्तृहरीच्या श्लोकांची शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली, कोणते श्लोक खात्रीचे, कोणते संशयित, कोणते मागाहून घुसलेले याची छाननी केली. ती संशोधित आवृत्ती १९४८ ची. कविता, संख्याशास्त्र आणि तपास, तिन्ही एकाच टेबलावर.

चौथं कपाट त्यांच्या वडिलांकडे होतं. धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या सांखवाळचे. त्यांचं ‘निवेदन’ १९२४ मध्ये आलं. बुद्धाच्या धर्माचा ध्यास लागलेला एक तरुण घर सोडून निघतो, पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीपाला पोचतो, काशीत अन्नछत्रात जेवतो, पाली शिकतो, भिक्षू होतो. सरळ, साधी, स्वतःला सूट न देणारी मराठी आहे. तुला मी पहिलं आत्मचरित्र हेच धाडतेय, ‘जिणं आमुचं’ सध्या बाहेर गेलंय, आलं की पाठवते.

उद्या दुपारच्या एसटीने पार्सल निघेल, स्वारगेटला उतरवून घे. चार पुस्तकं आहेत, चारही माझ्या खात्यावर टाकलीयेत. हफचा सरासरीचा धडा पेन्सिल घेऊन बसून वाच, बसमध्ये नको. ख्रिस्ती मात्र दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं असेल त्या रात्री सुरू करू नकोस. पुस्तकात खुणा करायच्या नाहीत, त्यासाठी वेगळी वही कर.

आणि एक. धर्मानंद घर सोडतात तेव्हा घरी त्यांची बायको बाळाबाई आहे आणि तान्ही मुलगी आहे. त्यांच्याबद्दल ते जेवढं लिहितात तेवढं नीट वाच आणि त्या ओळी वहीत उतरून घे. बाळाबाईंनी आत्मचरित्र लिहिलं नाही. त्या वर्षांत गोव्यात नवऱ्याविना, कडेवर पोर घेऊन राहिलेल्या बाईकडे कुठल्या कपाटातून जाता येईल, यावर मला तुझ्याशी बोलायचंय. रविवारी सकाळी वाचनालय बंद असतं, तेव्हा फोन कर.